ह्येला कडी कुठाय?

कोल्हापुरात पाणी ९८ अंशांना उकळतं. शाळेत शंभर पाठ केलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदा गॅसवर पातेलं ठेवून मोजलं तेव्हा माझंच काहीतरी चुकतंय असं वाटलं. मी करत असलेल्या तापमापकाचे चार नमुने हाताशी होते. चारही ९८ दाखवत होते, एखादा ९८.२. मग सोल्डरिंग तपासलं, प्रोग्रॅममधली गणितं तपासली, सेन्सर बदलले. दोन रात्री त्यात गेल्या. सासूबाई मधूनच डोकावून म्हणाल्या, "पाणी उकळलंय हे दिसतंय की डोळ्यानं. त्यात आणि काय बघायचं?" तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर राहतो आणि दर तीनशे मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश अलीकडेच उकळतं. यंत्र बरोबर होतं. शंभर हा आकडा मुंबईचा होता.

उद्यमनगरात एका लेथवाल्याच्या वरच्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची जागा आहे. मी, माझा भागीदार आणि संध्याकाळी येणारी दोन शिकाऊ पोरं. खालचं लेथ चालू झालं की थरथर टेबलातून कोपरापर्यंत येते. आजवर आम्ही दुसऱ्यांच्या यंत्रांची पोटं भरत आलो: पंपाच्या स्टार्टरचे बोर्ड, बॉयलरचे कंट्रोलर, असलं काहीबाही. एकदा तरी आपलं नाव लावता येईल अशी वस्तू करावी म्हणून हातात धरायचा तापमापक करायला घेतला. भागीदारानं फळ्यावर लिहिलं, 'गुऱ्हाळ, फौंड्री, दूध संस्था. एकच यंत्र, कुठंही चालेल.' कोल्हापूर जिल्ह्यात ही तीन गिऱ्हाइकं धरली की बाकी राहतं कोण? मी मान डोलावली. त्या 'कुठंही'चं कर्ज पुढची दीड वर्षं फेडत होते.

पहिला नमुना घेऊन गेले ते कागलकडच्या एका गुऱ्हाळावर. आत्याच्या सासरचं गुऱ्हाळ, म्हणून आत शिरायला मिळालं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. चरकाची घरघर, वाळत घातलेल्या चिपाडांचे डोंगर, चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं आत सारणारा एक काळाकुट्ट झालेला पोरगा आणि काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या भल्या मोठ्या कढईवर, वाकून मळी काढणारे दोघं. रसातली मळी वर आणणारं भेंडीचं पाणी नुकतंच पडलं होतं, त्यामुळे फेस दाट होऊन वर येत होता. गूळ उतरवणाऱ्या कारागिराला, गुळव्याला, सगळे तात्या म्हणत. साठीच्या पुढचे, अंगात बनियन, गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर. मी यंत्र पुढं केलं. तात्यांनी ते घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, पडद्याकडं बघितलंच नाही आणि म्हणाले,

"ह्येला कडी कुठाय?"

मला कळेना. म्हटलं, "कसली कडी?"

"अडकवायला ओ. न्हाईतर ठिवायचं कुठं?"

मी म्हटलं, हातात धरायचं आहे. तात्या हसले. दोन्ही हात वर करून दाखवले. एका हातात फावडं होतं, दुसऱ्या हाताला पाक लागलेला.

मग मी पहिल्यांदाच त्या जागेकडं नीट बघितलं. काहिलीचा काठ भाजणारा. जमीन रसानं चिकट, वर चिपाडाचा भुसा. चुलवाणाच्या भिंतीवर ठेवावं तर राख. अख्ख्या खोपीत कोरडी आणि गार म्हणावी अशी एकच जागा होती, मधली मेढ. तिच्यावर सात-आठ खिळे मारलेले आणि प्रत्येक खिळा कुणा ना कुणाचा. एकावर तात्यांचा शर्ट, एकावर भाकरीची पिशवी, एकावर बॅटरी, एकावर सुतळीला बांधलेला मोबाइल. तिथं वस्तू ठेवायची म्हणजे टांगायची. आणि मी घरी बसून यंत्राची मूठ माझ्या स्वतःच्या तळहाताच्या मापानं वळवली होती, तीन वेळा प्रिंट काढून, मोठ्या प्रेमानं.

त्या रात्री परत येताना आजोबांचा ट्रान्झिस्टर आठवला. चामड्याचं कव्हर, आवाज बाहेर यायला समोर भोकं आणि खांद्याला अडकवायचा पट्टा. आजोबा शेतात गेले की तो बांधावरच्या लिंबाच्या एका ठरावीक फांदीला अडकवायचे. आम्ही पोरांनी दुसऱ्या फांदीला लावला तर शिव्या. आम्हाला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटायचा. पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर समजलं की त्या रेडिओच्या पोटात फेराइटची एक आडवी कांडी असते. तीच अँटेना. कांडीची कूस केंद्राकडं असेल तर खणखणीत ऐकू येतं, टोक केंद्राकडं असेल तर खरखर. त्या फांदीला रेडिओ टांगला की कांडीची कूस आपोआप सांगली केंद्राकडं यायची. आजोबांनी हे कधी कुणाला समजावून सांगितलं नाही, फक्त फांदीला हात लावू दिला नाही.

विकायला आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत १९५४ साली निघाला, रीजन्सी टीआर-१. त्यानंतर तीन वर्षांनी सोनीनं टीआर-६३ काढला आणि त्याला खिशात मावणारा म्हटलं. तो नेहमीच्या शर्टाच्या खिशापेक्षा किंचित मोठा निघाला, तेव्हा विक्रेत्यांसाठी जरा मोठ्या खिशाचे शर्ट शिवून घेतले, असं सोनीचे अकिओ मोरिता सांगत. ही गोष्ट मी कॉलेजात ऐकली तेव्हा हुशारीची वाटली होती. खिसाच नसलेल्या माणसासमोर उभं राहून आल्यावर तिच्यातली गंमत थोडी कमी झाली.

कडी बसवली. साधी स्टीलची, तीन मिलिमीटरची. ती बसवल्यावर सगळंच उलटं झालं. म्हणजे शब्दशः. यंत्र टांगलेलं असताना सेन्सरची वायर खालून निघायला हवी, आकडा डोळ्यांच्या उंचीवर यायला हवा, बटण तळाशी नको. पेटीचा साचा नव्यानं. भागीदार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग पडदा. दुसऱ्या खेपेला तात्यांनी तो चुलवाणाच्या बाजूच्या खिळ्याला लावला आणि दहा मिनिटांत पडदा काळा ठिक्कर पडला. जळाला म्हणून मी तो उतरवला, बाहेर ओट्यावर आणून वारा घातला, तर आकडे परत आले. साध्या एलसीडीचं काम ५० अंशांपर्यंतच. त्याच्या पुढं खूप तापलं की आतला द्रव नुसता पाण्यासारखा होतो, प्रकाशाला पीळ द्यायचं विसरतो आणि दोन काचांवरचे आडवे-उभे गाळणीपट्टे सगळा उजेड अडवतात. गार झाला की पुन्हा शहाणा. लाल एलईडीचे आकडे लावले तर खोपीतल्या अंधारात झकास दिसायचे, पण बाहेर उन्हात काहीच नाही, आणि सेल तीन दिवसांत संपायचे. शेवटी ७० अंशांपर्यंत टिकणारी एलसीडी आणि बाजूला एक भला मोठा दिवा, यावर तडजोड झाली.

सेलवरूनही वाद झाला. भागीदाराला मोबाइलसारखी लिथियमची बॅटरी हवी होती, दिसायला आधुनिक. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं त्याच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि गुऱ्हाळावर चार्जिंगची एकुलती एक पिन चुलवाणामागच्या भिंतीवर. मी पेन्सिल सेलवर अडून बसले. दोन पेन्सिल सेल कुठल्याही वाडीतल्या किराणा दुकानात मिळतात, रात्री अकरालाही, मालकाला उठवलं तर.

बीपची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला अजून टोचते. तपमान जवळ आलं की बीप वाजायचा. मला कानठळ्या बसायच्या, शिकाऊ पोरं कान झाकायची. तात्यांना ऐकूच आला नाही. मला वाटलं, चरकाच्या आवाजात बुडाला. चरक बंद करून वाजवला. तरी नाही. अशा छोट्या पायझो बझरचा, म्हणजे बीप वाजवणाऱ्या चकतीचा, आवाज चार हजार हर्ट्झच्या आसपास सगळ्यांत मोठा निघतो म्हणून सगळे तिथंच ठेवतात, मीही ठेवला. आणि जन्मभर इंजिनाच्या आवाजात काम केलेल्या माणसाचे कान सगळ्यांत आधी नेमके त्याच पट्टीत जातात. चरकाला विजेची मोटर लागण्याआधी तात्यांनी डिझेल इंजिनाशेजारी पंचवीस हंगाम काढलेले. आम्ही अजाणता असा भोंगा केला होता जो खोपीतल्या सगळ्यांना ऐकू येईल, ज्याच्यासाठी केला तो सोडून. भोंगा काढला. मोठा दिवा त्यामुळंच आला.

बटणांचं फार सांगत नाही. पाक बटणाच्या फटीत जातो, वाळतो आणि बटण दाबलेलंच राहतं. बोटाच्या स्पर्शावर चालणारा पडदा तर ओल्या हातानं वाटेल ते करतो. वरून सलग पातळ पापुद्रा आणि खाली दोनच बटणं. बाकीची सात बटणं माझ्या हौसेची होती, गेली.

खरा प्रश्न वेळेचा निघाला. उसाचा रस शंभरच्या आसपास बराच वेळ नुसता रेंगाळतो, कारण पाणी उडत असतं. पाणी सरत आलं की पारा एकदम चढायला लागतो. १०५ च्या आसपास काकवी, आणि तिथून गुळाच्या पाकापर्यंतचे दहा-बारा अंश बघता बघता जातात. तेवढ्यात चुकलं तर गूळ नरम राहतो, नाहीतर करपून काळा पडतो, आणि कोल्हापूरच्या गूळबाजारात तीस किलोच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, भाव रंग बघून मिळतो. माझा सेन्सर सहा मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या नळीत होता. नळी तापायला वेळ घेते, त्यामुळे पडद्यावरचा आकडा खऱ्याच्या मागं मागं धावायचा. तात्या म्हणाले, "ह्ये मागचं सांगतंय. फुडचं सांग म्हणावं त्येला."

नळी तीन मिलिमीटरची केली तर फावडं लागून वाकली. मग वर जाड, टोकाला बारीक, आणि भोवती भोकं पाडलेला पिंजरा. हे आमच्या खालच्या लेथवाल्यानं केलं, सायंकाळी काम संपल्यावर, आणि पैसे विचारले तर म्हणाला, गूळ आणा.

आणि आकडा कोणता धरायचा? ११६ ते ११८ असं सगळीकडं सांगतात. पण कुठं मोजलेले? समुद्राकाठी की इथं? गुळाच्या पाकात महत्त्व असतं ते तिथल्या पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या किती वर गेलं याला. मुंबईचा शंभर आणि आमचा ९८ असेल, तर दोन अंश इथंच घसरले, आणि गुळाला दोन अंश फार. मी तात्यांच्या पाच आधणांचे, म्हणजे काहिलीत शिजलेल्या पाच घाण्यांचे, आकडे टिपले. त्यांनी "उतरा" म्हटलं तेव्हा माझा आकडा एकदा ११५ होता, एकदा ११७, मध्ये कुठंही. उसाची जात तीच, ८६०३२. पण एक लागणीचा, एक खोडव्याचा, एक नदीकाठच्या रानातला. तात्या पाक पाण्यात टाकत, बोटांनी गोळी वळत, काहिलीच्या कडेवर आपटून आवाज ऐकत. तो आवाज मात्र त्यांना ऐकू यायचा.

मी आकडा ठरवायचं सोडून दिलं. दोनांपैकी एका बटणाला एकच काम दिलं: ज्या क्षणी "उतरा" म्हणाल त्या क्षणी दाबा. यंत्र तो आकडा लक्षात ठेवतं आणि त्याच रानातल्या पुढच्या आधणाला तीन अंश आधी दिवा लावतं. दुसरं बटण हंगामाच्या सुरुवातीला उकळत्या पाण्यात बुडवून दाबायचं, म्हणजे गाव कुठल्या उंचीवर आहे ते त्याला कळतं. प्रोग्रॅममध्ये पहिल्या बटणाचं नाव 'तात्या' आहे. दुसऱ्याचं 'सासूबाई'.

फौंड्रीचं मात्र जमलं नाही. शिरोलीत एका ओळखीच्या फौंड्रीत गेलो. बिडाचा रस चौदाशे अंशांच्या घरात ओततात. माझा प्लॅटिनमचा नाजूक सेन्सर, ज्याचा रोध शून्य अंशाला शंभर ओहम आणि शंभर अंशांना साडेअडतीस ओहम जास्त, त्या रसात क्षणभर टिकणार नाही. दोन धातूंच्या तारा जोडून केलेला नेहमीचा सेन्सर, के-प्रकारचा थर्मोकपल, तोही साडेबाराशेच्या पुढं मान टाकतो. तिथं प्लॅटिनम-ऱ्होडियमचं बारीक टोक लागतं, कागदी नळीत बसवलेलं, एकदा बुडवलं की फेकून द्यायचं. त्याचा संकेत इतका बारीक की माझं आतलं सगळं सर्किट बदलायला हवं. शिवाय इंडक्शन फर्नेसशेजारी, तिच्या चुंबकीय क्षेत्रात, गेल्यावर पडद्यावरचा आकडा फुगडी घालू लागला. भट्टीवाल्यानं हातमोजे न काढता यंत्राकडं बोट केलं आणि विचारलं, "ह्ये लांबनं दिसणार हाय का?" त्याला आकडा भिंतीवर हवा होता, पाटीएवढा, दहा फुटांवरून वाचता येईल असा. हातात काही धरायचीच त्याची इच्छा नव्हती आणि तो बरोबर होता. परत येताना हायवेवर चहाला थांबलो तेव्हा भागीदारच म्हणाला, "फळ्यावरचं पुसूया." त्या दिवसापासून आमचं पुन्हा नीट बोलणं सुरू झालं.

दूध संस्थेत अडचण वेगळीच. पावसाळ्यात दोन नमुने एका गावच्या संस्थेला वापरायला दिले. तिथं बल्क कूलरमधलं दूध चार अंशांवर आणायचं असतं, त्यामुळे मोजायला सोपं. पेटीही चांगली होती. धुळीला आणि पाण्याला बंद, आयपी ६७ धरून केलेली, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ती चाचणी मी गच्चीवरच्या बॅरेलमध्ये वीट बांधून घेतली होती. तरी पंधरवड्यात काचेच्या आतून दव धरलं. बुडवून शिरत नाही ते पाणी शिरलं कसं? सेक्रेटरींना विचारलं, पोरगं रोज काय करतं ते दाखवा. पोरगं गरम पाण्यानं कॅन धुतं, त्याच पाण्यानं यंत्रही धुतं आणि मग वरून नळाचं गार पाणी सोडतं. गरम झालेली पेटी एकदम गार झाली की आतली हवा आकसते आणि रबराच्या फटीतून ओल आत ओढून घेते. घट्ट बंद केलेली पेटी रोज सकाळी एक श्वास घेत होती, तोही पाण्याखाली. त्यावर औषध म्हणजे पेटीला मुद्दाम भोक पाडायचं आणि त्यावर टेफ्लॉनच्या जातीचा पातळ पडदा चिकटवायचा, जो हवेला सोडतो आणि पाण्याला अडवतो. भोक पाडताना माझा हात थरथरला, खोटं कशाला सांगू.

तिथंच आणखी एक बघितलं. काउंटरच्या आत मोजणारा, बाहेर दूध घालणारी बाई. आकडा फक्त आतल्याला दिसतो. बाई टाचा उंचावून, मान वाकडी करून बघायला बघते, आणि आतला माणूस वैतागतो. वजनकाट्याला दोन्ही बाजूंना आकडे असतात ते उगीच नाही. माझं यंत्र कडीला टांगलं की गरागरा फिरवता येतं, त्यामुळे सेक्रेटरींनी ते काउंटरवरच्या आडव्या गजाला लावलं. मोजलं की फिरवून बाहेर दाखवायचं. कडी गुऱ्हाळासाठी केली होती, हा उपयोग माझ्या ध्यानीमनी नव्हता.

राहिला रस्ता. यंत्र गाडीच्या डिकीत टाकून गगनबावड्याच्या बाजूला नेलं की वाटेत ते बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. खड्डा आला की पेन्सिल सेल स्प्रिंगवरून क्षणभर उडतो, वीज तुटते. प्रत्येक वेळेची नोंद आत राहायची. एका फेरीत ४१. मुलगा म्हणाला, "आई, हे यंत्र तापमान मोजायला नको, रस्त्यांना लाव." सेलशेजारी एक जाडसर कपॅसिटर बसवला, तेवढी क्षणभराची भूक तो भागवतो.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा कागलकडं गेले. मेढीवर माझ्या यंत्राला स्वतंत्र खिळा मिळालेला, तात्यांच्या शर्टाच्या आणि भाकरीच्या पिशवीच्या मध्ये. वरून प्लॅस्टिकची कॅरीबॅग घालून रबर लावलेलं. "खराब हुईल म्हणून," पोरगा म्हणाला. माझं श्वास घेणारं भोक त्या पिशवीत गुदमरत होतं. मी काही बोलले नाही.

आधण शेवटाला आलं होतं. तात्या फावड्यावर पाक धरून तार बघत होते. पिशवीतून आकडा धूसर दिसत होता, ११२, ११३. तात्यांनी पाण्यातली गोळी आपटली, आवाज ऐकला आणि ओरडले, "उतरा!" चौघांनी काहील ओढली. पाक वाफ्यात पडायला लागला, खोपीभर तो वास पसरला. आणि मग मेढीवर, कॅरीबॅगच्या आत, माझा दिवा लागला.

तात्यांनी मान वळवून बघितलं.

"आत्ता व्हय," म्हणाले आणि चिकट बोटानं, पिशवीवरनंच, बटण दाबलं.